पिकअपच्या हाऊसिंगमध्ये कुठलं ऑईल भरायचं? आधी जीएल बघा, मग नंबर

मालवाहतुकीसाठी पहिल्यांदाच पिकअप घेतलेली मंडळी इंजिन ऑईलबद्दल खूप चौकशी करतात. मागच्या हाऊसिंगमधल्या, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या डब्यातल्या ऑईलबद्दल मात्र तिथून आवाज येईपर्यंत कुणी विचारत नाही. आवाज आला म्हणजे बहुतेक वेळा दात किंवा बेअरिंग खराब व्हायला सुरुवात झालेली असते. क्राऊन (हाऊसिंगमधलं मोठं दातेरी चाक) आणि पिनियन (त्याला फिरवणारा लहान गिअर) कारखान्यात जोडीनं जुळवलेले असतात, त्यामुळे बदलायची वेळ आली की पूर्ण जोडीच घ्यावी लागते. त्या खर्चाशेजारी चांगल्या ऑईलचा डबा फारच स्वस्त पडतो. म्हणून हा विषय गाडी घेतल्याच्या पहिल्याच महिन्यात समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

इथं डोळ्यांसमोर ठेवलेल्या गाड्या म्हणजे बोलेरो पिकअप, बोलेरो मॅक्स, टाटा योद्धा यांसारख्या, दीड-दोन टन माल नेणाऱ्या आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या. फोर बाय फोरवाल्यांसाठी पुढे दोन शब्द आहेत.

हाऊसिंगच्या आत काय चालतं

गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट पिनियनला फिरवतो आणि पिनियन क्राऊनला. क्राऊनवर बसवलेल्या डिफरन्शियलमधून (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग) ताकद दोन्ही बाजूंच्या ॲक्सलना जाते. अशा गाड्यांत पिनियनची मध्यरेषा सहसा क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली ठेवलेली असते. या रचनेला हायपॉइड म्हणतात. तिच्यामुळे पिनियन जाड करता येतो, दातांची पकड वाढते आणि गिअर कमी आवाज करतात. पण त्याची किंमत ऑईलला मोजावी लागते. हायपॉइडचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेनं घासतही जातात, आणि तेही प्रचंड दाबाखाली.

एप्रिल-मेच्या उन्हात देवगडचा हापूस भरून करूळ घाटानं गगनबावड्याला चढणारी पिकअप डोळ्यांसमोर आणा. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आहे, वेग कमी आहे, इंजिन जोर लावतंय. अशा वेळी दातांमध्ये ऑईलचा जो थर असायला हवा, तो दाबानं पिळून निघतो आणि लोखंडाला लोखंड भिडायची वेळ येते. इथं ऑईलचा जाडपणा पुरत नाही, त्यात मिसळलेली रसायनं कामी येतात. गंधक आणि फॉस्फरस असलेली ही रसायनं दात जिथे तापतात तिथेच पोलादाशी संयोग पावून एक अगदी पातळ थर तयार करतात. घासला जातो तो हा थर, दात वाचतो. डब्यावर छापलेलं 'ईपी' म्हणजे हीच रसायनं. गिअर ऑईलला जो उग्र, नकोसा वास येतो तोही या गंधकाचाच.

उलट निफाडकडचा कांदा भरून कसारा घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या जोरावर रोखून धरली, की त्याच दातांच्या दुसऱ्या बाजूवर भार येतो. म्हणजे चढ असो की उतार, हाऊसिंगला सुटका नाही.

पायरी १ : गाडीचं पुस्तक उघडा

ओनर्स मॅन्युअलमध्ये वंगणांचा तक्ता असतो. त्यात गिअरबॉक्सची ओळ वेगळी आणि मागच्या ॲक्सलची ओळ वेगळी दिलेली असते. ॲक्सलच्या ओळीतून तीन गोष्टी वहीत उतरवा: ऑईलचा दर्जा (जीएल), नंबर आणि किती लिटर लागतं ते. किती किलोमीटरला बदलायचं ते देखभालीच्या तक्त्यात सापडेल.

जुनी गाडी घेतली असेल आणि पुस्तक हाती आलं नसेल, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा स्पेअर पार्टच्या काउंटरवर चॅसिस नंबर देऊन विचारा. नुसतं मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक आणि पासिंगप्रमाणे (मंजूर भारानुसार) ॲक्सल बदललेला असू शकतो.

शेजाऱ्याच्या गाडीत काय भरतात यावर जाऊ नका, आणि इंटरनेटवरच्या अमेरिकी पिकअपवाल्यांच्या सल्ल्यावर तर नकोच. तिकडच्या काही फोर्ड सुपर ड्यूटी गाड्यांच्या मागच्या ॲक्सलला कंपनीनंच सिंथेटिक ७५डब्ल्यू-१४० सांगितलेलं आहे. ते त्या ॲक्सलच्या घडणीनुसार आणि मागे ओढायच्या अवजड ट्रेलरच्या हिशेबानं ठरवलेलं आहे. आपल्या गाडीला ते आपोआप लागू होत नाही.

पायरी २ : जीएल-४ की जीएल-५

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा.

दुकानात आपल्याकडं काय होतं? गिऱ्हाईक म्हणतं, "नव्वद नंबर द्या." दुकानदार मागच्या फळीवरून डबा काढून देतो. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'ईपी ९०' लिहिलेलं असतं, गिऱ्हाईक पैसे देऊन निघतं. पण 'नव्वद' हा फक्त जाडपणा झाला. दातांना वाचवणारी रसायनं किती आहेत, ते त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचावी लागतात. तिथे 'एपीआय जीएल-४' किंवा 'एपीआय जीएल-५' असं छापलेलं असतं (एपीआय म्हणजे हे दर्जे ठरवणारी अमेरिकी पेट्रोलियम संस्था).

जीएल-५ हे हायपॉइड गिअरसाठी, जास्त दाब आणि झटक्यांचा भार धरून ठरवलेलं आहे. पिकअपच्या मागच्या हाऊसिंगला बहुतेक ठिकाणी हेच सांगितलेलं असतं. जीएल-४ मध्ये त्या रसायनांचं प्रमाण ढोबळमानानं निम्मं असतं. ते मुख्यतः गिअरबॉक्ससाठी. नव्वद नंबर दोन्हीत मिळतो, आणि घोळ होतो तो इथेच. जीएल-४ चा नव्वद हाऊसिंगमध्ये गेला तर गाडी चालते, पहिले काही महिने काहीच कळत नाही, पण घाटात भरलेल्या गाडीचे दात हळूहळू झिजत राहतात.

मग उलट केलं तर? जीएल-५ जास्त ताकदीचं, तेच गिअरबॉक्समध्येही ओतलं तर काय बिघडतं? बिघडतं. गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझरच्या, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या रिंगा असतात, आणि अनेक गाड्यांत त्या पितळेच्या असतात. जीएल-५ मधली जास्तीची रसायनं, विशेषतः ऑईल तापल्यावर, पितळेसारख्या पिवळ्या धातूंना खाऊ शकतात. शिवाय रिंगेला आपलं काम करायला थोडं घर्षण लागतं. ते मिळालं नाही की गिअर अडकत पडतो आणि खरखर होते. काही आधुनिक ऑईलांवर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही छापलेलं दिसतं. गिअरबॉक्सच्या ओळीत कंपनीनं तशी परवानगी दिली असेल तरच ते तिथे वापरा.

रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये एकाच डब्यातून गिअरबॉक्स आणि हाऊसिंग दोन्ही भरायची पद्धत सर्रास आहे. मिस्त्री कितीही अनुभवी असला तरी इथे नम्रपणे थांबवा आणि दोन वेगळे डबे स्वतः घेऊन जा.

पायरी ३ : नंबर

आता जाडपणा. ८०डब्ल्यू-९० यातला 'डब्ल्यू'चा आकडा थंडीचा आणि दुसरा आकडा तापलेल्या ऑईलचा. ८०डब्ल्यूची कसोटी उणे २६ अंशांवर घेतात, ८५डब्ल्यूची उणे १२ वर आणि ७५डब्ल्यूची उणे ४० वर. थंडीसाठी ओळखल्या जाणाऱ्या निफाडलाही पारा शून्याच्या आसपास क्वचितच पोचतो, त्यामुळे महाराष्ट्रात या पहिल्या आकड्यावरून काही अडत नाही. लडाखला माल नेणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

आपल्या कामाचा तो दुसरा आकडा. ऑईल १०० अंश सेल्सिअसला असताना ९० नंबरचा जाडपणा १३.५ ते १८.५ सेंटिस्टोकच्या (जाडपणा मोजायचं एकक) दरम्यान असतो, १४० नंबरचा २४ ते ३२.५ च्या दरम्यान. मधली मोठी पोकळी भरायला २००५ साली ११० हा वेगळा नंबर आला, १८.५ ते २४ चा. इंजिन ऑईलचे आकडे या मापात बसत नाहीत, ती मोजपट्टीच निराळी. ९० नंबरचं गिअर ऑईल जाडपणानं ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑईलच्या जवळपास येतं. '१५डब्ल्यू-४० पेक्षा नव्वद दुप्पट जाड' हा समज चुकीचा आहे.

"लोड जास्त मारतो, मग एकशेचाळीसच टाक" हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. पुस्तकात जड भार किंवा जास्त तापमानासाठी ८५डब्ल्यू-१४० चा पर्याय दिला असेल तर जरूर टाका. तसा पर्याय नसेल तर टाकू नका. हाऊसिंगमध्ये पंप नसतो. क्राऊन फिरताना ऑईल उडवतो आणि ते अरुंद वाटांनी पिनियनच्या बेअरिंगपर्यंत पोचतं. ऑईल गरजेपेक्षा जाड असेल तर पहाटेच्या थंड गाडीत ते तिथे उशिरा पोचतं, ते घुसळण्यात ताकद वाया जाते, डिझेल जास्त लागतं आणि त्या घुसळण्यानं ऑईल आणखी तापतं.

एकशेचाळीस टाकल्यावर क्राऊनचा आवाज दबतो हे खरं आहे. जुनी गाडी विकताना काही जण मुद्दाम तसं करतात. म्हणून वापरलेली पिकअप बघायला गेलात तर हाऊसिंगचा फिलर प्लग (ऑईल भरायच्या भोकाचं बूच) उघडून ऑईलचा थेंब बोटावर घ्या. ते मधासारखं घट्ट वाटलं तर गाडी रस्त्यावर नेऊन ४० ते ६० च्या वेगात नीट ऐका: ॲक्सिलरेटर दाबल्यावर शिटीसारखा सूर येतो का, आणि पाय काढल्यावर येतो का.

पायरी ४ : मिनरल की सिंथेटिक

यावर फार डोकं शिणवू नका. पुस्तकात सिंथेटिक सांगितलं असेल तर सिंथेटिकच. काही सांगितलं नसेल आणि गाडी गावातल्या गावात, पासिंगइतक्या मालावर चालत असेल, तर वेळेवर बदललेलं चांगलं मिनरल ऑईल पुरेसं आहे. रोज घाट, लांबचा पल्ला आणि कायम भरलेली गाडी असेल तर सिंथेटिकचे जास्तीचे पैसे वसूल होतात, कारण तापल्यावर ते कमी पातळ होतं आणि लवकर खराब होत नाही. मात्र सिंथेटिक टाकलं म्हणून बदलायची मुदत मनानं वाढवू नका. पाणी आणि लोखंडाचा चुरा सिंथेटिकमध्येही साचतोच.

पायरी ५ : डिफरन्शियल साधा आहे ना?

मालवाहू पिकअपमध्ये बहुधा साधा डिफरन्शियल असतो. काही गाड्यांत लिमिटेड स्लिप प्रकारचा असतो, ज्यात एक चाक चिखलात नुसतं फिरत असताना दुसऱ्याला ताकद मिळावी म्हणून क्लच प्लेटा बसवलेल्या असतात. त्यांना घर्षण सांभाळणारं खास द्रव्य मिसळलेलं ऑईल लागतं. डब्यावर तसं 'एलएसडी' किंवा 'लिमिटेड स्लिप' लिहिलेलं असतं. चुकीचं ऑईल गेलं तर वळणावर मागून थरथर आणि गुरगुर येते. पुस्तकात लिमिटेड स्लिपचा उल्लेख नसेल तर हा खर्च करायचं कारण नाही.

फोर बाय फोरमध्ये पुढच्या ॲक्सलचं हाऊसिंग आणि ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलांना वाटणारा गिअरचा डबा) ही आणखी दोन ठिकाणं वाढतात. दोन्हींचं ऑईल तक्त्यात बघूनच घ्या. ट्रान्सफर केसला मागच्या हाऊसिंगचं ऑईल चालेल असं धरून चालू नका.

पायरी ६ : खरेदी

सीलबंद डबाच घ्या, बिलासकट. बॅरलमधून मापानं मिळणारं सुटं ऑईल स्वस्त पडतं, पण त्यात जीएल-४ आहे की जीएल-५ हे सिद्ध करायला तुमच्या हातात काहीच राहत नाही. झाकणाखालचं सील, छापलेला बॅच नंबर आणि तारीख बघा. पुस्तकात दिलेल्या लिटरपेक्षा अर्धा लिटर जास्त घ्या, भरताना थोडं सांडतंच. सर्वो, एचपी, मॅक, कॅस्ट्रॉल, गल्फ यांपैकी कुठला ब्रँड, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. जीएल आणि नंबर जुळला आणि माल अस्सल असला की झालं.

वेगवेगळ्या बाटल्यांत मिळणारी 'आवाज बंद' करणारी द्रव्यं वरून ओतू नका. जीएल-५ मध्ये लागणारी रसायनं आधीच मोजून घातलेली असतात.

पायरी ७ : बदलताना

गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, पुढच्या चाकांना दगड लावा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणलेली असावी, म्हणजे ऑईल कोमट होऊन तळाचा गाळ घेऊन बाहेर येतं.

वरचा फिलर प्लग आधी ढिला करून बघा, मगच खालचा ड्रेन प्लग काढा. गंजून बसलेला फिलर प्लग उघडलाच नाही आणि ऑईल मात्र सगळं खाली गेलं, तर गाडी जागेवर अडकून पडते.

ड्रेन प्लगला बहुधा लोहचुंबक असतं. त्यावर राखाडी, मऊ, लोण्यासारखा लेप दिसला तर घाबरू नका, ती रोजची झीज आहे. तो लेप दोन बोटांत चोळा. गुळगुळीत लागला तर ठीक. टोचणारे कण, चपट्या कपच्या किंवा दाताचा तुकडा मिळाला तर नवीन ऑईल भरून पुढे जाऊ नका, हाऊसिंग उघडून घ्या. ऑईल काळपट असणं साहजिक आहे. जळका वास येत असेल तर ते बेसुमार तापलेलं आहे. दुधाळ, चहासारख्या रंगाचं असेल तर पाणी शिरलंय.

प्लग पुसून, नवा वायसर टाकून बसवा. मग वरच्या भोकातून ऑईल भरत राहा. बहुतेक हाऊसिंगमध्ये ऑईलची पातळी फिलर भोकाच्या खालच्या काठाशी यायला हवी. तिथून ऑईल बाहेर झिरपू लागलं की थांबा. 'थोडं जास्त असलेलं बरं' म्हणून गाडी तिरकी करून जादा भरू नका. जादा ऑईल फेसाळतं, तापतं आणि सीलमधून वाट काढून चाकातल्या ब्रेक लायनरवर जातं.

ब्रीदर, म्हणजे सगळ्यात दुर्लक्षित भाग

हाऊसिंगच्या वरच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी एक टोपी असते, किंवा तिथून एक रबरी नळी वर गेलेली असते. हा ब्रीदर. गाडी चालली की आतली हवा तापून फुगते, तिला बाहेर पडायला ही वाट. उसाच्या फडातली, वीटभट्टीवरची किंवा मुरमाच्या रस्त्यावरची गाडी असली की ही टोपी चिखलानं लिंपून जाते. मग आतला दाब सीलांवर येतो आणि चाकाच्या आतल्या बाजूनं ऑईल गळायला लागतं. मिस्त्री सील बदलतो, महिन्याभरात पुन्हा गळतं, पुन्हा सील. दोनदा सील गेलं तर तिसरं टाकायच्या आधी ब्रीदर काढून डिझेलनं धुवा आणि हवा मारा. टोपी हातानं फिरते आणि वर-खाली हलते का ते बघा.

पावसाळ्यात याच ब्रीदरची दुसरी बाजू दिसते. घाट उतरून तापलेलं हाऊसिंग ओढ्यावरच्या बुडालेल्या फरशी पुलाच्या पाण्यात गेलं की झटकन गार होतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. (फरशीवरून पाणी वाहत असताना गाडी घालूच नये, हे सगळ्यात आधी.) हाऊसिंग बुडेल एवढ्या पाण्यातून गाडी गेलीच असेल, तर बदलायच्या तारखेची वाट बघू नका. दुसऱ्या दिवशी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, ड्रेन प्लग हळूच ढिला करून पहिले दोन-चार थेंब पांढऱ्या झाकणात घ्या. पाणी ऑईलपेक्षा जड असल्यानं तळाशी बसतं आणि आधी बाहेर येतं. थेंब दुधाळ निघाले किंवा पाणीच आलं तर सगळं ऑईल बदला. नवीन ऑईल पाच-सातशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा, कारण बेअरिंगच्या कोपऱ्यांत अडकलेलं पाणी पहिल्या खेपेला पूर्ण निघत नाही. पाण्यानं गंजलेलं बेअरिंग कुठल्याही ऑईलनं बरं होत नाही.

किती दिवसांनी बदलायचं

पुस्तकात दोन मुदती असतील, साध्या वापराची आणि कठीण वापराची, तर धंद्याच्या गाडीनं कठीण वापराची धरावी. नव्या गाडीत पहिला बदल वेळेवर करा. कंपनीनं तो लवकर सांगितला असेल तर टाळू नका, कारण सुरुवातीला दात एकमेकांत बसताना सगळ्यात जास्त चुरा निघतो. पासिंगपेक्षा जास्त माल कायम भरणाऱ्यांना मात्र मुदत कमी करूनही पुरतं संरक्षण मिळत नाही. ऑईल दातांची झीज कमी करतं, पण वाकलेली हाऊसिंगची नळी किंवा तुटलेला ॲक्सल त्यानं वाचत नाही.

काढलेलं ऑईल नाल्यात, विहिरीच्या कडेला किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार वापरलेलं ऑईल नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हवं. ते रिकाम्या डब्यात भरून सर्व्हिस सेंटरला किंवा अधिकृतपणे गोळा करणाऱ्याला द्या. नवीन ऑईलचा डबा टाकून देताना त्याला भोक पाडा आणि लेबल फाडा, म्हणजे त्यात बनावट माल भरून तो पुन्हा बाजारात येणार नाही.

काम झाल्यावर ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा: तारीख, किलोमीटर, 'हाऊसिंग – जीएल-५, ८०डब्ल्यू-९०' किंवा जे भरलं असेल ते, आणि त्याखाली गिअरबॉक्सचं वेगळं. ड्रायव्हर बदलला किंवा गाडी परगावात बंद पडली, तर अनोळखी मिस्त्री ती चिठ्ठी वाचून योग्य डबा मागवेल. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर दोन्ही प्लगांखाली आणि मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला बॅटरी मारून ओल आहे का तेवढं बघून घ्या.